लेनाला शंख ऐकू आला

सिनेमातला शंख वाजला आणि आम्ही सगळे खाली बसलो.

तालमीचा दुसरा दिवस होता. चर्चसमोरच्या मैदानावर, समुद्राकडे पाठ करून, भलामोठा पडदा उभा केला होता. भर उजेडातही चित्र दिसावं असा तो खास पडदा ऑकलंडहून बोटीने आला होता. वर कार्टूनचा सिनेमा चाललेला, खाली ऑकलंडचे बावीस वादक, राजधानी आपियाहून आलेले ढोलवाले आणि आमच्या वाईतांगी गावच्या चर्चमधले आम्ही चाळीस गाणारे. बोलायचं ते सिनेमातल्या चित्रांनी, गाणी मात्र आम्ही तिथल्या तिथे गायची, असा बेत होता. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर पडद्यावरच्या एका माणसाने शंख तोंडाला लावला. तो भोंऽऽ करून वाजताच चाळीसच्या चाळीस जणांनी गाणं अर्ध्यात सोडलं, मांड्या घातल्या आणि माना खाली घातल्या. ढोलवाल्यांनी काठ्या बाजूला ठेवल्या.

वाद्यवृंद चालवणाऱ्या हेस्टरबाई हात हवेत धरून तशाच उभ्या राहिल्या. "काय झालं? कुणाला चक्कर आली का?"

आमचा गायनमास्तर पेनियामिना डोळे मिटून बसला होता. सकाळचे अकरा वाजलेत हे त्याच्या लक्षात यायला अर्धं मिनिट गेलं. मग तो कपाळ पुसत उठला.

"माफ करा बाई. सा वाटला."

संध्याकाळी गावात शंख वाजला की सा सुरू होतो. जो जिथे असेल तिथे त्याने बसायचं. दुसरा शंख होईपर्यंत प्रार्थना. बोलायचं नाही, हलायचं नाही, रस्त्याने चालायचं तर नावच नको. गावचे तरणे गडी सोटे घेऊन रस्त्यावर उभे असतात आणि सोमवारी प्रमुखांच्या बैठकीत नावं जातात. ही गोष्ट आमच्या गुडघ्यांत जन्मापासून मुरलेली आहे, आणि गुडघे घड्याळ बघत नाहीत.

बाई हसल्या, आम्हीही हसलो. आमच्या गावच्या प्रयोगापुरता सिनेमातला शंख काढून टाकायचं ठरलं. कुणी तरी म्हणालं, बरं झालं, नाही तर त्या चित्रातल्या माणसालाच दंड करावा लागला असता.

या सगळ्यात माझी थोरली बहीण मातालेना सर्वांत शेवटी बसली. आधी तिने माझ्याकडे पाहिलं, मी बसलेय हे दिसलं, मग ती बसली. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही असं मला तेव्हा वाटलं.

लेना बहिरी झाली आहे हे मला तीन वर्षांपासून माहीत होतं. आधी डावा कान गेला, मग उजवा. आपियाच्या डॉक्टरांनी कानामागे लावायचं यंत्र दिलं, ते तिने बिस्किटांच्या डब्यात ठेवलं आणि डबा माळ्यावर टाकला. कारण विचारलं तर म्हणाली, "ते दिसतं." बस, एवढंच. दिसलं की गावाला कळणार, आणि कळलं की तिची चटई जाणार.

आमच्या चर्चमध्ये पहिला आवाज म्हणून एक बाई असते. मास्तर स्वर गुणगुणतो, ती एकटी पहिली ओळ उचलते, मग बाकीचे येतात. तिची चटई सगळ्यांच्या पुढे. एकतीस वर्षं ती लेनाची होती. तिचा नवरा गेला, दोन्ही मुलगे ऑकलंडला ट्रक चालवतात आणि नाताळला फोन करतात. त्या फोनवर ती काय बोलते देव जाणे, कारण ऐकू तर येत नाही. गाण्याशिवाय तिच्यापाशी आपलं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. ज्यांना सूर कळेनासा होतो त्यांना आमच्याकडे कुणी हाकलत नाही; फक्त मागे नेऊन बसवतात, रडक्या पोरांच्या शेजारी, आणि फार प्रेमाने वागवतात. ते प्रेम लेनाला सहन झालं नसतं.

मी दुसरा आवाज. एकतीस वर्षं तिच्या डाव्या खांद्यामागे. तिच्या अंबाड्यातल्या कासवाच्या पाठीच्या कंगव्याचे दात मी मोजलेत, अकरा आहेत, एक मोडलाय. ती जागा मला हवी होती का? होती. खोटं कशाला बोलू? तिचा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे हे मला सात वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे, आणि ठाऊक असल्याने हवंसं वाटणं कमी होत नाही.

तरी पंख्याची युक्ती माझीच. उकाड्यात सगळ्याच बायका विणलेले पंखे हलवत असतात. एकीचा पंखा तालात हलतोय हे कोण बघायला जातं? मी लेनाच्या डोळ्याच्या कोपऱ्यात दिसेन अशी सरकून बसायचे. पंखा हलला की ताल. स्वर चढा लागला तर पंखा आडवा, उतरला तर उभा. मास्तरने स्वर दिला की टोकाने तिच्या कमरेत एक टोचा. पहिल्याच रविवारी टोचा जरा जोरात बसला. घरी येऊन म्हणाली, "एकतीस वर्षांचा राग एकाच दिवशी काढू नकोस." बाकी लोकांशी बोलताना तिचा एकच मंत्र होता. समोरचं माणूस बोलायचं थांबलं की ती डोकं झुकवून म्हणायची, "आपण म्हणाल तसं." शंभरातल्या नव्वद वेळा ते बरोबर लागायचं.

हा सिनेमा तुमच्या घरातल्या पोरांनी पाहिलेला असणार. चोरीला गेलेली संध्याकाळची चांदणी शोधायला निघालेली मुलगी, तिच्याबरोबर सदा कुरकुरणारं वटवाघूळ, आणि शेवटाकडे आजीचं अंगाईगीत. ते ऐकून चांदणी आपल्या जागी परत येते. ती आजी म्हणजे लेना. जगभर सिनेमा ज्या त्या भाषेत बोलतो, पण अंगाई सगळीकडे आमच्याच भाषेत ठेवली आहे आणि आवाजही तिचाच. सात वर्षांपूर्वी पाद्रींच्या मागच्या खोलीत, खिडक्यांना गाद्या लावून, ती रेकॉर्ड झाली. गाताना तिच्या तोंडासमोर कॅमेराही ठेवला होता, चित्रं काढणाऱ्यांना पाहायला. वरच्या स्वराआधी पडद्यावरच्या आजीच्या नाकपुड्या फुगतात ना, त्या आमच्या लेनाच्या नाकपुड्या आहेत. लहानपणी त्यावरून मी तिला डुक्कर म्हणायचे आणि मार खायचे.

तेव्हा सिनेमावाल्यांनी गावाला शब्द दिला होता की कधी तरी हे सगळं घेऊन तुमच्या मैदानावर येऊ. सात वर्षांनी आले, आणि लेनाने प्रत्यक्ष गावं म्हणून हेस्टरबाई स्वतः आमच्या घरी आल्या. आमच्या चटईवर बसून त्यांनी अवघड काय आहे ते समजावून सांगितलं. चर्चमध्ये गाणारी बाई थांबली तर मास्तर थांबतो. सिनेमा थांबत नाही. आजीचं तोंड उघडलं की आवाज निघायलाच हवा, मिटलं की थांबायला हवा. म्हणून कानात एक बोंडूक, इवलासा स्पीकरच, घालायचं, त्यातून टिकटिक ऐकू येते, तिच्यावर गायचं.

"जमेल ना?" बाईंनी विचारलं.

"आपण म्हणाल तसं," लेना म्हणाली.

बाई गेल्यावर मी तिच्या तोंडासमोर उभी राहिले, म्हणजे माझे ओठ तिला नीट दिसतील. "लेना, नाही म्हणून सांग. तब्येतीचं निमित्त कर. चर्चमध्ये मी सांभाळून घेते. इथे पाचशे माणसं असतील."

"चर्चमध्ये तू मला सांभाळून घेतेस?"

"मग कोण घेतं, पाद्री?"

ती पंख्याची कड उसवू लागली. मग म्हणाली, "सेने, माझा नातू तिकडे तो सिनेमा रोज लावतो म्हणे. त्याने मला एकदाही पाहिलेलं नाही, पण आजी कशी गाते ते त्याला पाठ आहे. आणि मी माझ्याच मैदानावर, माझंच गाणं, तब्येत बरी नाही म्हणून गाणार नाही?"  मी म्हटलं, "नवा पंखा विणते. मोठा."

तालमीत हेस्टरबाईंच्या माणसाने तिच्या कानात बोंडूक बसवलं आणि टिकटिकीचा आवाज वाढवत नेला. "ऐकू येतंय का? अजून वाढवू?" लेना गोड हसली. त्याने आणखी वाढवलं. शेवटी ती टिकटिक गाणाऱ्यांच्या रांगेत मला ऐकू यायला लागली, शेजारची बाई म्हणाली घड्याळ कुणाचं आहे, तेव्हा मीच लेनाला पंखा आडवा दाखवला आणि ती म्हणाली, "पुरे."

ती उभी राहायची ती लोकांकडे तोंड करून, पडदा तिच्या पाठीशी. पायाशी एक छोटा टीव्ही होता, त्यात तिला सिनेमा दिसायचा. उजवीकडे गाणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत मी. मी बाईंच्या हाताकडे बघून पंखा हलवायचा, लेनाने माझ्या पंख्याकडे बघून गायचं. चार तालमी झाल्या आणि चारही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. हेस्टरबाई म्हणाल्या की कानातल्या टिकटिकीवर इतकं नेमकं गाणारी बाई त्यांनी पाहिली नाही.

शनिवारी दुपारी चारचा प्रयोग. गावप्रमुख तुईलोमांनी परवानगी देताना एकच अट घातली होती: साडेसहाच्या शंखाआधी सगळं आवरलं पाहिजे. हेस्टरबाईंनी मिनिटांचा हिशोब दाखवला होता, सहाला दहा कमी असताना संपणार. पण आपियाच्या बसेस उशिरा आल्या. मग पोरांना पुढे बसवण्यात आणि म्हाताऱ्यांना पोरांपासून वाचवण्यात वेळ गेला. त्यातून ते वटवाघळाचं कुरकुरगाणं. ते संपलं तर पोरांनी असा काही गोंधळ घातला की बाईंनी सिनेमा मागे नेऊन ते पुन्हा घेतलं. पुन्हा संपलं. बाई पुढे जाणार तेवढ्यात पहिल्या चटईवर बसलेल्या तुईलोमांनी, सत्तरी उलटलेल्या त्या गंभीर माणसाने, एक बोट वर केलं. आणखी एकदा. त्यांच्या मांडीवर दोन नातवंडं होती, पण बोट त्यांचं स्वतःचं होतं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि तिसऱ्यांदा घेतलं. शंख जरा उशिरा वाजवा असं कुणाला सांगावं, हे बाईंना ठाऊक नव्हतं आणि आम्हाला सुचलं नाही.

अंगाईची वेळ आली तेव्हा पडद्यामागचा समुद्र करडा व्हायला लागला होता. लेना पुढे झाली. पांढरा पोशाख, कंगवा, कानात ते निरुपयोगी बोंडूक. पोरं एकदम गप्प झाली. पडद्यावरची आजी आणि ही आजी एकच आहे हे त्यांना पहिल्यांदाच समजत होतं. मी पंखा उचलला. बाईंचा हात खाली आला, माझा पंखा हलला, लेनाने सुरुवात केली. दोन ओळी झाल्या. माझी बहीण आहे म्हणून सांगत नाही, पण तो आवाज असा होता की ऑकलंडच्या त्या बासरीवाल्या पोरीने वाजवता वाजवता मान वळवून पाहिलं.

तिसऱ्या ओळीवर चर्चच्या पायरीवरून शंख वाजला.

मी पंखा मांडीवर ठेवला आणि मान खाली घातली.

मी विचार करून केलं नाही. चाळीस जण बसले, ढोल थांबले, पाचशे माणसांनी पोरांच्या डोक्यावर हात ठेवून ती खाली दाबली. ऑकलंडच्या वादकांना वाटलं की तो काढलेला शंख चुकून परत आला. मग मैदान पाहून तेही एकेक करत थांबले आणि बाईंनी हात खाली घेतला. सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत लेना गात होती.

तेव्हा मला मांडीवरचा पंखा दिसला.

उचलायला हवा होता. हात हलेना. सा चालू होता, आणि साठ वर्षांत मी सामध्ये माशीसुद्धा हाकललेली नाही. मान न उचलता डोळे तेवढे वर केले. लेना पायाजवळच्या टीव्हीकडे बघत होती. वाद्यं वाजतायत, मागे आम्ही गातोय, असंच ती समजत होती. पंखा नव्हता, टिकटिक तिच्यासाठी कधीच नव्हती; समोर होतं फक्त तिचंच सात वर्षांपूर्वीचं तोंड. ते तोंड श्वास घेई तेव्हा ती श्वास घेई. वरच्या स्वराआधी आजीच्या नाकपुड्या फुगल्या, लेनाच्या फुगल्या, आणि स्वर जिथे हवा तिथे, जेव्हा हवा तेव्हा लागला. एक केसही इकडेतिकडे नाही. चार तालमींत मी पंखा हलवून हलवून खांदा दुखवून घेतला होता तो कशासाठी, कोण जाणे.

कुणी मान वर केली नाही. रस्त्यावर सोटे घेऊन उभे असलेले गडीही जागचे हलले नाहीत. त्या संध्याकाळी वाईतांगीत दुसरी कुठलीही प्रार्थना झाली नाही, तेवढी एकच अंगाई झाली. मला रडू आलं. भीतीने आलं, आणि गाणं ऐकूनही आलं, दोन्ही खरं.

आजीचं तोंड मिटलं आणि लेना थांबली. हसत मान वर केली. समोर पाचशे वाकलेली डोकी. तिने उजवीकडे माझ्याकडे पाहिलं, माझ्या मांडीवरच्या पंख्याकडे पाहिलं. तिचं हसू कसं गेलं ते मी पाहिलं आहे. मग ती हळूच गुडघ्यांवर बसली, आणि दुसरा शंख होईपर्यंत मान खाली घालून राहिली. त्यानंतर सिनेमा मागे नेऊन उरलेला भाग झाला, टाळ्या झाल्या, पोरं येऊन तिच्या अंगाला झोंबली. ती सगळ्यांना म्हणत होती, "आपण म्हणाल तसं."

सोमवारी सकाळी बैठक बसली. प्रमुख मंडळी खांबांना टेकून गोलात बसतात. आम्ही दोघी कडेला, ती पुढे, मी तिच्या डाव्या खांद्यामागे. सवयच झाली आहे. गड्यांनी तक्रार सांगितली. त्यांना सांगणं भागच होतं, पाचशे साक्षीदार होते. सामध्ये गाणं, तेही अख्ख्या मैदानासमोर.

आमच्या कुटुंबातर्फे पेनियामिना बोलला, कारण तो मास्तर असला तरी आमच्या घराण्याचा प्रमुखही तोच आहे. चांगला माणूस. वाईट मनात काही नव्हतं. तो म्हणाला, "मंडळी, शंख ऐकून जो थांबत नाही तो दोषी. पण ज्याला शंख ऐकूच आला नाही त्याचा दोष काय? मातालेनाचं वय झालं आहे. कान... मला वाटतं, तिचे कान आता पहिल्यासारखे नाहीत. मी विनंती करतो, तिला सोडून द्यावं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. किती सोपं झालं असतं. दंड नाही, काही नाही, दहा मिनिटांत घरी. आणि रविवारी पुढच्या चटईवर मी. लेना समोर बघत बसली होती. पेनियामिनाची पाठ तिच्याकडे होती, म्हणजे त्याचे ओठ तिला दिसले नव्हते. आपली चटई काढून घेतली जात आहे हे तिला कळतही नव्हतं.

तुईलोमांनी माझ्याकडे पाहिलं. "सेनेरिता, तू तिच्याबरोबर राहतेस. तूच सांग. तुझ्या बहिणीला शंख ऐकू आला की नाही?"

बैठकीत खोटं बोलायची शिक्षा सामध्ये गाण्यापेक्षा मोठी आहे. ते मला आठवलं. अकरा दातांचा कंगवा माझ्या नाकासमोर होता.

"ऐकू आला," मी म्हणाले.

पेनियामिनाने वळून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या पायावर धोंडाच टाकला होता.

"ऐकू आला?" तुईलोमा म्हणाले. "मग थांबली का नाही?"

"आपण तिला लहानपणापासून ओळखता. तिने एकदा तोंड उघडलं की ती कुणासाठी थांबली आहे? माझ्या लग्नात पाद्रींसाठीसुद्धा थांबली नव्हती."

दोघेतिघे हसले. तुईलोमा हसले नाहीत. त्यांनी मांडीवरची चवरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, मान पार छातीला टेकेल इतकी खाली घातली आणि चटईशी बोलावं तसं हळू म्हणाले, "मातालेना, तुझ्या घराला आग लागली आहे."

 मला पंखा हलवता आला असता, कमरेत टोचता आलं असतं; पण हो की नाही एवढंच पंख्याला येतं, आग त्याला सांगता येत नाही.

लेनाने वाट पाहिली. सगळे थांबले आहेत असं पाहून तिने अदबीने डोकं झुकवलं.

"आपण म्हणाल तसं," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. खांबाशी बसलेल्या एका म्हाताऱ्याने घसा साफ केला आणि बाहेर समुद्राकडे पाहू लागला. पेनियामिनाने चटईची एक काडी उपटली आणि तिचे बारीक बारीक तुकडे करत बसला.   मग तुईलोमांनी मान वर केली, तोंड लेनाकडे नीट वळवलं आणि एकेक शब्द सुटा करून, रस्त्यावरच्या माणसालाही कळेल अशा आवाजात बोलले.

"मातालेनाला शंख ऐकू आला होता. तिच्या बहिणीने सांगितलं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. ऐकूनही ती गात राहिली. या बैठकीला हा उद्दामपणा चालणार नाही. एक मोठी डुकरीण आणि तारोचे शंभर कंद. सूट नाही." त्यांनी चवरी मांडीवर ठेवली. "आणि ज्याने कुणी वटवाघळाचं गाणं तिसऱ्यांदा घ्यायला लावलं, त्याचीही एक डुकरीण. ती माझ्या घरून येईल."

आम्ही वाकून नमस्कार केला आणि निघालो. नारळाच्या झाडांपाशी पेनियामिनाने धापा टाकत आम्हाला गाठलं. लेना दोन पावलं पुढे होती, तो माझ्याशी बोलला.

"सेनेरिता, रविवारपासून तू तिच्या मागे बसू नकोस. समोर बस, माझ्या शेजारी. तिथून पंखा चांगला दिसेल."

मी विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"दोन वर्षं. मला वाटलं आज मी तिच्यावर उपकार करतोय." तो कान खाजवत उभा राहिला. "आणि टोचू नकोस इतकं. मागच्या ईस्टरला बिचारी उडालीच होती." एवढं बोलून तो परत गेला.

लेनाने मागे वळून पाहिलं. "काय म्हणत होता?"

"म्हणाला, रविवारी उशीर करू नका."

"मी कधी उशीर केलाय?" ती चालू लागली. थोडं गेल्यावर थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "तुला विचारलं तेव्हा तू काय सांगितलंस?"

"तुला शंख ऐकू आला, असं सांगितलं."

"खोटारडी."

"हो."

तिने माझ्या हातातला पंखा घेतला आणि उगाच स्वतःला वारा घातला. ऊन असं फारसं नव्हतंच. "आणि दंड? म्हातारा म्हणाला ते मला समजलं, पण तू सांग."

मी बोटं दाखवून सांगितलं. एक डुकरीण. शंभर कंद.

"पूर्ण?"

"पूर्ण."

"वय बघून काही कमी नाही केलं? त्या दारूबाज फिलिपोला निम्मा माफ केला होता, आजारी म्हणून."

"तुला एक कंदही माफ नाही."

लेनाने अंबाड्यातला कंगवा काढला, पुन्हा घट्ट खोचला आणि ताठ झाली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "ऐकूनसवरून गात राहिलं तर एवढा दंड हवाच."